मांडीचा काहीच प्रॉब्लेम नाही

२८ सप्टें., रवि.

काल तिसऱ्या मजल्यावर देवीचं भजन. खुर्चीवर बसून पखवाज वाजवला. शी.

समोर प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर उशी, उशीवर पखवाज, आणि मी वर खुर्चीत, लग्नात फोटोपुरते बसवलेल्या आजोबांसारखा. बाकी सगळं मंडळ खाली सतरंजीवर. वसंतबुवा पेटीवर, टाळवाले त्याच्या मागे, सगळ्यांची डोकी माझ्या गुडघ्याला लागून. गजर चढला की बुवा मान वळवून माझ्याकडे बघतो, जुनी सवय. बघितलं की मी लय वाढवतो. काल त्याने मान वळवली तर त्याला माझे मोजे दिसले. परत वळलाच नाही.

मांडी घालून पखवाज पुढ्यात घेतला की तो अंगाला लागतो. डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा थेट पोटात येतो. स्टुलावर ठेवला की काही येत नाही. शेजारच्या घरात कोणीतरी वाजवतंय असं वाटतं.

निघताना कोणाची तरी सून म्हणाली, "काका, खुर्चीवर पण झकास वाजवता." पण.

डावा गुडघा (यापुढे डा.गु., पूर्ण लिहायचाही कंटाळा) वाकतो तो अर्धाच. उजवा त्याच्या मागून निघालाय.

१ ऑक्टो., बुध.

बोरिवलीचे हाडांचे डॉक्टर. एक्स-रे उजेडावर धरून पेनाने दाखवला. "गादी संपली, काका. हाडावर हाड घासतंय."

जन्मभर कारखान्यात फिटर होतो. बेअरिंग गेलं की काय होतं ते मला शिकवायला नको. म्हटलं, मग बदला.

म्हणाले, बदलू. चालाल, जिने चढाल, दुखणार नाही. "फक्त खाली बसायचं विसरा. मांडी घालायची नाही."

"आणि पखवाज?"

"खुर्चीवर वाजवा ना."

उठून बाहेर आलो. सौ. बाकावर बसली होती. काय म्हणाले, विचारते. म्हटलं, हा पण खुर्चीच म्हणतो. रिक्षात म्हणे, "हात तुमचे चलतत मा? मग खुर्येत बसलास म्हणून काय झाला?"

तिला काय सांगणार. इतकी वर्षं संसार केला, तरी तिला वाटतं पखवाज हातांनी वाजतो.

५ ऑक्टो., रवि.

निलेश, आमचा जावई, गोरेगावहून गाडी घेऊन हजर. "पप्पा, शर्ट बदला, अंधेरीला जायचंय." का, ते वाटेत सांगितलं. परदेशात जाऊन बिनऑपरेशनचा गुडघा. आज त्याचं फुकट मार्गदर्शन, वर नाश्ता.

हॉटेलचा हॉल. हॉलमध्ये नुसते गुडघे. काजू घातलेला उपमा आणि वाटीत फळांचे तुकडे. एसी असा लावलेला की डा.गु. बसल्याजागी ठणकायला लागला. मुद्दामच असेल.

स्टेजवर पराग सर. या धंद्याचं त्यांचं अंधेरीला ऑफिस. सूट, पॉलिश केलेलं हसू, आणि प्रत्येक वाक्यात "काका-काकू". पडद्यावर एक बाई काठी टाकून बागेत पळते. ना चिरा, ना टाके. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात घुसळायचं, त्यातलं चांगलं तेवढं गुडघ्यात सोडायचं, की गादी परत उगवते. उगवते म्हणे. मेथी आहे का?

हात वर केला. "मांडी घालता येईल का?"

"काका, तुम्ही पळाल."

"मला पळायचं नाही. मांडी घालता येईल का ते सांगा."

"आमचे काका भारी खट्याळ आहेत हं," असं माइकवर. हॉल हसला. उपमा खुर्चीखाली सरकवला.

येताना निलेश (यापुढे नि.) गाडीत गुणगान गातोय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही जुनी म्हण. आमच्यात जावई उतावळा आणि गुडघा माझा.

९ ऑक्टो.

घरात वादावादी. सौ.चं म्हणणं, गाठीचं मोडून परक्या मुलखात सुया टोचून घ्यायला जायचं म्हणजे डोकं फिरलंय. लेक शिल्पा नवऱ्याच्या बाजूने. मी कोणाच्याच नाही. मला एवढंच हवंय की कोणीतरी हो किंवा नाही म्हणावं. बोरिवलीवाला नाही म्हणाला, निदान तोंडावर म्हणाला. अंधेरीवाला गोड हसतो नि पाठ थोपटतो. पाठ थोपटून घेतली की मला आंघोळ करावीशी वाटते.

नि. शेवटी म्हणाला, "पप्पा, तिथल्या डॉक्टरला डायरेक्ट विचारा ना. व्हिडिओ कॉल लावतो."

१२ ऑक्टो., रवि.

झाला कॉल. डॉक्टर तिकडचाच, बँकॉकचा. मध्ये बोलायला पराग सरांच्या ऑफिसची आर्या. मुलुंडची, मराठीच, पण शाळा इंग्रजी. मराठी बोलते ती पायात बोचणाऱ्या नव्या चपलांवर चालल्यासारखी. मुलगी बाकी साधी वाटली.

मी नीट, सावकाश सांगितलं. "डॉक्टरांना सांग, मी पखवाज वाजवतो. तो मांडीवर असतो. माझी मांडी झाली पाहिजे. बाकी मला काही नको."

तिने इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी मशीनच्या पार्टांपुरतं. तिच्या बोलण्यात सारखं थाय, थाय येत होतं. म्हटलं, देशाचं नाव घेत असेल. डॉक्टर मान डोलवून हसला.

आर्या म्हणाली, "काका, डॉक्टर म्हणतात मांडीचा काहीच प्रॉब्लेम नाही."

"नक्की? मांडी?"

तिने परत विचारलं. परत थाय. डॉक्टरने अंगठा दाखवला.

"हो काका. मांडी एकदम ओके."

नि.ने टाळी वाजवली. सौ. मागून बघत होती, ती पण विरघळली. "इतको मोठो डॉक्टर, तो खोटा कशाक बोलात?"

एफडी मोडायचं ठरलं. आकडा इथे लिहीत नाही, पेनाला लाज वाटेल.

२२ ऑक्टो., पाडवा

वसंतबुवा फराळाला आला. त्याला सांगितलं. आधी विश्वास बसेना. "मांडी? डॉक्टरनं स्वतः सांगितलं?" म्हटलं, दोनदा विचारून घेतलं.

चकली हातातच राहिली त्याच्या. मग म्हणाला, "दत्तजयंतीला माझ्या बाजूला खाली बसायचं. तुझी ती खुर्ची मी मंडळाच्या कपाटात कोंडून ठेवतो बघ."

तो गेल्यावर पखवाज काढून पुसला. खूप दिवसांनी बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण माझ्या वहीत असं फारसं येत नाही.

४ नोव्हें.

विमानतळ. नि.ने व्हीलचेअर सांगून ठेवलेली. नको म्हटलं तरी बसवलं. ढकलणारा माझ्याच वयाचा, त्याचे पण गुडघे करकर वाजत होते. दोघं ओशाळलो.

नि. रजा टाकून सोबत. सोबत म्हणजे एक मोठी रिकामी बॅग घेऊन. शॉपिंगसाठी. माझा गुडघा हे तिकिटाचं निमित्त.

५ नोव्हें.

हॉस्पिटल म्हणावं तर रिसेप्शनला पाण्याचा धबधबा, भिंतीवर ऑर्किडं, आणि सगळीकडे गवती चहाचा वास. चहा मात्र नाही. वास तेवढा. दुपारपर्यंत डोकं उठलं.

आमच्या गटात घाटकोपरच्या एक बेन आहेत, खाकऱ्याचा डबा घेऊन आलेल्या. त्यांनी एक दिला म्हणून जेवलो असं म्हणायचं. आर्याही आलीये. पेशंटांची ने-आण आणि भाषांतर तिच्याकडे.

दुखणं किती ते विचारायला कागदावर हसरी-रडकी तोंडं दाखवतात. बोट ठेवा म्हणे. बालवाडी. रडक्याच्या पुढे चिडकं तोंड हवं होतं, ते नव्हतं.

डॉक्टरने तपासलं मात्र कसून. गुडघा थोडका, मांड्याच जास्त दाबल्या. मग गार जेली फासून मांडीवर यंत्र फिरवलं. नीट ओळखही नसलेला माणूस आपली मांडी इतका वेळ चाचपतोय, अंगावर काटा आला. आर्या म्हणाली, "काका, मांडी फर्स्ट क्लास आहे."

म्हटलं, "आहे ती आहेच गं. घालता आली पाहिजे."

तिला काही कळलं नसावं. हसली. इथे सगळे हसतात.

६ नोव्हें.

रक्त काढलं. नळ्या यंत्रात गरागरा फिरवल्या. तळाला लाल गाळ, वर पिवळं पाणी. नर्सने ती नळी समईसारखी दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणली. "गोल्ड, पापा, गोल्ड." डहाणूकडे ताडीच्या मडक्यात याहून बरं दिसतं.

मग सुई. डा.गु.त आणि उजव्यातही. ओरडलो नाही, पण तोंडातून जे निघालं त्याचं आर्याने भाषांतर केलं नाही.

संध्याकाळभर दोन्ही गुडघे भोपळे. नि. बाजारात. येताना स्वतःला तीन टी-शर्ट आणि मला बाम घेऊन आला. गुडघ्याचा उपचार घ्यायला आलेल्या माणसाला बाम.

७ नोव्हें.

आज तीनदा तोंड धुतलं.

सकाळी एका खोलीत नेलं. गोल दिवा, मोबाईल लावायचा स्टँड, सोफा. एका पोराने माझ्या तोंडावर पावडर लावली. पराग सर फोनवर मुंबईहून. "काका, दोन वाक्यं बोला. प्रॉब्लेम काय होता, आता कसं वाटतं."

म्हटलं, आता सुजलंय.

"ते नको हो. आपल्या माणसांना धीर येईल असं बोला. तुमचं ते मांडीचं बोला ना, तुमचा यूएसपी आहे तो."

म्हटलं, अजून वाकवून पण बघितला नाही. तर म्हणाले, ते एडिटमध्ये होतं. एडिटमध्ये गुडघा वाकतो, हे नवीनच.

नि. म्हणाला, "बोला ना पप्पा, डॉक्टरांनी गॅरंटी दिलीच आहे." मला पण तेच वाटत होतं. म्हणून बोललो. सोफ्यावर बसून, दिव्याकडे बघत. "मी परब, राहणार कांदिवली. भजनात पखवाज वाजवतो. माझा मांडीचा प्रॉब्लेम सुटला." दुसऱ्यांदा बोलायला लावलं, कारण पहिल्यांदा हसलो नव्हतो.

हसलो. पावडर तोंडात गेली. अजून चव आहे.

८ नोव्हें.

उद्या निघायचं म्हणून डॉक्टरची शेवटची भेट. म्हटलं, आर्या, विचार त्यांना, मांडी कधीपासून घालू? दत्तजयंती चार डिसेंबरला आहे.

ती गोंधळली. "घालू म्हणजे?"

"म्हणजे घालू. बसू."

"मांडीवर कोण बसणार, काका?"

सरळ चपला काढल्या, गालिच्याकडे बोट केलं, आणि हातांनी दाखवलं, हा पाय असा, तो पाय असा, वर पखवाज.

मुलीचं तोंड उतरलं. "अय्या. क्रॉस करून खाली बसणं? त्याला मांडी म्हणतात? काका, मांडी म्हणजे थाय ना? हे?" आणि आपल्या पायावर हात मारून दाखवला. "मला वाटलं ड्रम मांडीवर ठेवून तुमची मांडी दुखते. मी डॉक्टरांना तेच सांगत होते सगळा वेळ. म्हणून त्यांनी थाय चेक केली."

थाय. देश नव्हे. ही.

म्हटलं, बरं, आता तरी विचार. तिने विचारलं. डॉक्टरने मान हलवली आणि हाताने जमीन पुसल्यासारखी खूण केली. भाषांतराची गरज नव्हती, तरी तिने केलं. "म्हणतात, खाली बसायचं नाही. कधीच नाही. गुडघा खराब होईल." मग, "खुर्चीवर वाजवा म्हणतात."

बोरिवलीच्या डॉक्टरचं वाक्य, तसंच्या तसं. ऐकायला विमानात बसून आलो.

तिच्यावर ओरडणार होतो. पण ती रडायला लागली. "सॉरी काका. माझी आजी म्हणायची, ये मांडीवर बस. मला तेवढीच मांडी माहितीये." आता यावर काय ओरडायचं.

पराग सरांना फोन लावला. सगळं ऐकून म्हणतात, "पण काका, थाय तर ओके आहे ना? पॉझिटिव्ह राहायचं." त्यांचं मराठी चांगलं आहे, पुस्तकातलं. अंधेरीच्या हॉलमध्ये मी सगळ्यांसमोर दोनदा मांडी म्हटलं होतं, ते त्यांना नीट कळलं होतं. पोरीला कळलं नाही. या माणसाला कळलं होतं. किळस आली ती याची.

१२ नोव्हें.

घरी. सौ.ला सांगितलं. आधी हसली. इतकी हसली की ओट्याला धरून उभी राहिली. "थाय," म्हणायची नि परत हसायची. मी ताटावरून उठलो, तर मागून आली. डोळे पुसत होती, पण आता हसण्याचं पाणी नव्हतं.

"त्या पराग्याक माका भेटूचा हा."

म्हटलं, भेटून काय करणार? म्हणे, ता मी बघतंय.

लोक म्हणतात, मेंदू गुडघ्यात. माझा तिथेच असावा. त्यालाही आता सुई मारून झालीय.

१८ नोव्हें.

खोटं कशाला लिहू. सूज उतरली आणि दुखणं थोडं कमी आहे. काल मार्केटपर्यंत न थांबता गेलो. सकाळी उठल्यावर डा.गु. पूर्वीसारखा ओरडत नाही. हेच जर त्यांनी आधी सांगितलं असतं, काका, थोडा आराम पडेल, बाकी मांडी विसरा, तर गेलो असतो की नाही माहीत नाही. पण थुंकावंसं वाटलं नसतं.

पखवाज कपाटावर आहे. खाली काढला नाही.

२३ नोव्हें., रवि.

व्हिडिओ आला. नि.ने घरच्या ग्रुपवर टाकला, शिल्पाने पुढे, आणि दुपारपर्यंत भजनी मंडळाच्या ग्रुपवर. वर मोठ्या अक्षरांत, "परब काकांची मांडी परत आली." माझ्या पावडर फासलेल्या तोंडाच्या शेजारी कोणाचे तरी भलत्याचेच पाय लावलेत, मांडी घातलेले. गोरे पाय. नखं कापलेले. सौ. म्हणते, ह्ये पाय तुमचे नाय, ता कोणय सांगात. कोणी सांगितलं नाही. ग्रुपवर नुसती फुलं आणि जोडलेले हात.

पराग सरांना फोन. काढून टाका म्हटलं. म्हणे, आता ते टीमकडे असतं. नि.ला म्हटलं. तो म्हणे, पप्पा, किती लोकांनी बघितलंय बघा तरी. गटारात पडलो तरी लोक बघतील.

संध्याकाळी वसंतबुवाचा फोन. मी सांगायलाच बसलो होतो. त्याने सांगूच दिलं नाही. "अरे, त्या देवीच्या भजनाला मी मान वळवली आणि तू दिसलाच नाहीस. घरी जाऊन जेवलो नाही. म्हटलं आता आपलं आटपलं." त्याचा आवाज बसला. तो बुवा आहे, त्याचा आवाज बसलेला मी ऐकलेला नाही. मग म्हणाला, "दत्तमहाराजांनी ऐकलं."

मी म्हटलं, हो.

हो का म्हटलं? हात दाखवून अवलक्षण.

२९ नोव्हें.

मुलुंडहून कोणा अनोळखी गृहस्थाचा फोन. नंबर घाटकोपरच्या बेनकडून मिळवला. बायकोला पूजेला खाली बसायचं असतं, व्हिडिओ बघून पैसे भरणार होते. सरळ सांगितलं. पाय माझे नाहीत. मांडी होत नाही. दुखणं थोडं कमी होतं, तेवढ्यासाठी जायचं तर जा. खूप आभार मानले त्यांनी.

परक्या माणसाला चहा उकळेपर्यंत सांगून झालं. बुवाला अजून नाही. रोज ठरवतो, आणि रोज तो फोन करून दत्तजयंतीचे गजर कुठले घ्यायचे ते विचारतो. आवाज पोरासारखा झालाय त्याचा. काल म्हणाला, द्रुत ठेवू, तू खाली आहेस तर भीती नाही.

मला माझीच शिसारी आली. परागची येते त्याहून जास्त.

३ डिसें.

पखवाज काढला. कातडी वाद्या ढिल्या पडल्या होत्या, त्यांच्याखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकून सूर चढवला. बेडवर बसून, पाय खाली सोडून. डाव्या तोंडाला अजून कणीक लावली नाही, ती उद्या ताजी. तरी नुसती बोटं टेकवली. बोलला.

बाजूला सौ. "उद्या सकाळीच बुवाक सांगा." सांगतो म्हटलं.

४ डिसें., दत्तजयंती

सकाळी बुवा सुंठवड्याच्या गडबडीत. दुपारी झोपलेला. असं मी स्वतःला सांगितलं.

पाचला खाली सोसायटीच्या हॉलमध्ये गेलो. पखवाजाची जागा बघायला. सतरंजी घातलेली, दत्ताच्या फोटोला झेंडूचा हार, पेटी मांडलेली. पेटीच्या उजव्या हाताला पांढरी चादर चौघडी करून ठेवलेली. माझी जागा. बुवाच्या घरची चादर आहे ती, कडेला निळी वेल, ओळखली मी.

खुर्ची नाही. हॉलभर एकही नाही. म्हातारे म्हणून कोपऱ्यात दोन असतात, त्या पण नाहीत.

"खुर्ची कुठाय रे?" मी विचारलं.

"कपाटात. कुलूप घातलंय," बुवा म्हणाला आणि खिशावर थाप मारली. चावी वाजली. टाळवाले हसले. कोणीतरी म्हणालं, आता काकांना खुर्ची कशाला. बुवाने चादरीवर हात फिरवून सुरकुती काढली. "ये, बसून तर बघ."

म्हटलं, चहा घेऊन येतो. वर आलो.

बेडरूमचं दार लोटून जमिनीवर प्रयत्न केला. उजवा आला. डा.गु. अर्ध्यावर अडकला. दाबला तर जाईल असं वाटतं. गेला तर परत येईल का, कोण जाणे. खाली बसू नका हे बोरिवलीवाल्यानेही सांगितलं आणि त्या थायवाल्यानेही.

सौ. आत आली. मला तशा अवस्थेत बघून पहिल्यांदा दार लावून घेतलं. मग म्हणाली, "बसलास तर उठतलास कसे?"

"चौघं उचलतील."

"चौघा उचलतत ती येळ येगळी," म्हणाली. मलाही हसू आलं. धरून उठवलं तिने.

सांगू काय त्यांना? की मांडी म्हणजे काय ते एका पोरीला कळलं नाही, आणि थाय म्हणजे काय ते मला? हसतील. हसू देत. बुवा हसणार नाही. तो चादरीची घडी उचलेल आणि घरी नेईल, आणि मला ते बघावं लागेल.

नाहीतर बसायचं. एक रात्र. गजर चढेल, तो मान वळवेल, मी समोर असेन. पुढचं पुढे.

काय करावं ते खरंच कळत नाही.

खालून पेटीचा सूर आला. आता टाळ. पखवाज नाही म्हणून पोकळ लागतंय. बुवा मान वळवून चादरीकडे बघत असणार.

सौ. दारात उभी. एका हातात कणकेचा गोळा ओल्या फडक्यात, दुसऱ्या हातात शेजारच्यांची घडीची खुर्ची, कधी मागून आणली कोण जाणे. "वही ठेवा ती," म्हणते. "काय होया ता सांगा."

दोन्ही घे, म्हटलं. खुर्ची उघडायची की नाही ते खाली बघू. लिफ्टपर्यंत तर चल.